यानुश कोर्चाक

यानुश कोर्चाक (मूळ नाव : हेन्रिक गोल्डश्मित; जन्म : २२ जुलै १८७८ किंवा १८७९, वॉर्सा; मृत्यू : ऑगस्ट १९४२, ट्रेब्लिंका) हे पोलंडमधील बालरोगतज्ज्ञ, शिक्षणविचारक, लेखक आणि अनाथालयाचे संचालक होते. आईवडिलांच्या छत्राबाहेर वाढणाऱ्या मुलांचे हक्क हा त्यांच्या आयुष्यभराच्या कार्याचा विषय होता. वॉर्सा शहरातील 'दोम सिएरोत' (अनाथांचे घर) ही ज्यू मुलांची संस्था त्यांनी १९१२ पासून अखेरपर्यंत चालवली. या संस्थेत मुलांचे स्वतःचे न्यायालय, संसद आणि वृत्तपत्र होते. तेथील नियम मुलांइतकेच संचालकांनाही लागू होते. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने अनाथालयातील मुलांना मृत्युछावणीत पाठवले, तेव्हा सुटकेची संधी असूनही कोर्चाक मुलांबरोबर गेले आणि तेथेच मारले गेले.

जन्म व बालपण

कोर्चाक यांचा जन्म पोलिश संस्कृतीशी एकरूप झालेल्या एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडील यूझेफ गोल्डश्मित हे नामांकित वकील होते. आईचे नाव त्सेत्सिलिया. आजोबा वैद्यकीय व्यवसायात होते. वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर न केल्यामुळे त्यांचे जन्मवर्ष १८७८ की १८७९ हे निश्चित सांगता येत नाही. त्या काळी वॉर्सा रशियन साम्राज्यात होते आणि शाळांमधून रशियन भाषेची सक्ती होती.

लहानपणी हेन्रिकला इतर मुलांत मिसळण्याची फारशी मुभा नव्हती. पाच वर्षांचे असताना त्यांचा पाळीव कॅनरी पक्षी मेला. त्याला अंगणात पुरून वर लाकडी क्रूस उभारावा असे त्यांच्या मनात आले. त्यावर, पक्षी ज्यू असल्यामुळे क्रूस चालणार नाही, असे इमारतीच्या रखवालदाराच्या मुलाने बजावले. आपण ज्यू आहोत म्हणजे इतरांपेक्षा वेगळे आहोत, ही जाणीव त्यांना या प्रसंगातून प्रथम झाली. पुढे उतारवयात लिहिलेल्या रोजनिशीत त्यांनी ही आठवण नोंदवली आहे.

शाळेचा अनुभवही सुखद नव्हता. प्रारंभिक शाळेत एका मुलाला वेताने मारले जात असताना त्यांनी पाहिले आणि त्या दृश्याचा इतका धसका घेतला की काही महिन्यांतच आईवडिलांनी त्यांना त्या शाळेतून काढले. मोठ्या माणसाच्या हातातील छडी आणि तिच्यासमोरचे असहाय मूल हे चित्र पुढे त्यांच्या लेखनात वारंवार आढळते.

हेन्रिक किशोरवयात असताना वडिलांना मानसिक आजार जडला. त्यांना वारंवार रुग्णालयात ठेवावे लागले. उपचारांवर घरातील पैसा संपला आणि १८९६ मध्ये वडिलांचा मृत्यू झाला. शिकवण्या घेऊन घर चालवण्याची जबाबदारी हेन्रिकवर आली. सुस्थितीतील घर थोड्या वर्षांत कसे विस्कटते आणि त्याचा भार मुलांवर कसा पडतो, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

शिक्षण, वैद्यकी आणि प्रारंभीचे लेखन

१८९८ मध्ये हेन्रिक यांनी वॉर्सा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला. त्याच वर्षी एका नाट्यलेखन स्पर्धेसाठी त्यांनी कोर्चाक हे टोपणनाव घेतले. हे नाव युझेफ क्राशेव्स्की या पोलिश कादंबरीकाराच्या एका ऐतिहासिक कादंबरीतील नायकाचे होते. पुढे हेच नाव रूढ झाले आणि मूळ नाव केवळ वैद्यकीय व सरकारी कागदपत्रांपुरते उरले.

विद्यार्थिदशेत ते वॉर्साच्या गरीब वस्त्यांतून हिंडत. दारूच्या आहारी गेलेले पालक, घरातील मारझोड, भीक मागणारी आणि रस्त्यावर झोपणारी मुले त्यांनी तेथे जवळून पाहिली. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रस्त्यावरची मुले' या कादंबरीस हीच पार्श्वभूमी आहे. १९०६ मधील 'दिवाणखान्यातले मूल' या पुस्तकाने त्यांना लेखक म्हणून लौकिक मिळवून दिला.

१९०५ मध्ये पदवी मिळाल्यावर ते वॉर्सातील ज्यू मुलांच्या रुग्णालयात काम करू लागले. त्याच सुमारास रशिया-जपान युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून त्यांना मांचुरियात जावे लागले. परतल्यावर त्यांनी रुग्णालयातील काम पुढे चालू ठेवले आणि बर्लिन, पॅरिस व लंडन येथे जाऊन बालरोगशास्त्राचा व बालसंस्थांचा अभ्यास केला. श्रीमंत रुग्णांकडून ते भरपूर शुल्क घेत आणि गरिबांना विनामूल्य तपासत. तरीही रुग्णालयात बरे झालेले मूल पुन्हा त्याच उपाशी, ओलसर आणि मारझोडीच्या घरात परत जाते, हे पाहून त्यांचे मन अस्वस्थ होई. औषधाने ताप उतरतो. ज्या परिस्थितीत मूल आजारी पडते ती बदलत नाही, असे त्यांचे मत बनत गेले.

गरीब मुलांच्या उन्हाळी शिबिरांत पर्यवेक्षक म्हणून काम करताना त्यांना आणखी एक धडा मिळाला. मुलांवर प्रेम असले की त्यांना सांभाळता येते, ही त्यांची समजूत तेथे पार ढासळली. पहिल्या शिबिरात मुलांनी त्यांना सळो की पळो करून सोडले. एकदा तर ते मुलांवर ओरडले आणि शिक्षेच्या धमक्या देऊ लागले. प्रेमळ माणूसही थकल्यावर किंवा घाबरल्यावर अत्याचारी होऊ शकतो, हे त्यांना स्वतःवरून कळले. त्यामुळे मुलाचे संरक्षण मोठ्या माणसाच्या चांगुलपणावर सोपवू नये, त्यासाठी व्यवस्था असावी, हा विचार त्यांच्या मनात रुजला.

लंडनच्या दौऱ्यातच त्यांनी लग्न न करण्याचा आणि आयुष्य मुलांच्या कार्याला वाहण्याचा निश्चय केला, असे त्यांच्या नंतरच्या पत्रांवरून दिसते.

दोम सिएरोत

अनाथ मुलांना मदत करणाऱ्या एका ज्यू संस्थेने क्रोखमाल्ना रस्त्यावर ९२ क्रमांकाच्या जागी नवी इमारत उभारली. १९१२ मध्ये तेथे दोम सिएरोत सुरू झाले आणि कोर्चाक त्याचे संचालक झाले. स्टेफानिया विल्चिन्स्का (१८८६–१९४२) या संस्थेच्या मुख्य व्यवस्थापिका होत्या. संस्थेची दैनंदिन घडी त्यांनीच बसवली. कोर्चाक दोन युद्धांच्या निमित्ताने दीर्घकाळ बाहेर असताना संस्था त्यांनी एकहाती सांभाळली. कोर्चाक यांच्या कार्याचे वर्णन विल्चिन्स्का यांच्याशिवाय पूर्ण होऊ शकत नाही.

संस्थेत साधारण ७ ते १४ वर्षे वयाची सुमारे १०० मुले-मुली राहत. त्यांतील अनेकांची आई किंवा वडील हयात होते. परंतु दारिद्र्यामुळे मूल सांभाळणे त्यांना शक्य नव्हते. अशा मुलांचे घराशी नाते तुटू नये म्हणून दर शनिवारी त्यांना नातेवाइकांकडे जाऊ दिले जाई. प्रत्येक मुलाला स्वतःचा कुलूपबंद खण असे. मोठ्यांना कचरा वाटणाऱ्या काचा, दोऱ्या, खिळे आणि खडे ही मुलाची मालमत्ता आहे आणि ती त्याला न विचारता फेकण्याचा कोणालाही अधिकार नाही, असे कोर्चाक मानत. हरवलेल्या वस्तूंसाठी वेगळे काचेचे कपाट होते. मुलांची उंची व वजन नियमितपणे नोंदवले जाई आणि हे काम कोर्चाक स्वतः करत.

झाडलोट, स्वयंपाकघरातील मदत, लहानांची देखभाल ही कामे मुलांमध्ये वाटलेली असत. झाडू आणि फडकी कोपऱ्यात दडवून न ठेवता दर्शनी जागी ठेवली जात, जेणेकरून शारीरिक श्रमाला कमीपणा येऊ नये. नव्याने आलेल्या मुलाचा सांभाळ करण्यासाठी संस्थेतीलच एक मोठे मूल पहिले तीन महिने पालक म्हणून नेमले जाई. बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे वाटणाऱ्या मुलांसाठी पत्रपेटी होती. वाईट सवय सोडू इच्छिणारे मूल कोर्चाक यांच्याशी पैज लावी. या आठवड्यात अमुक वेळांपेक्षा जास्त भांडणार नाही, अशी ती पैज असे आणि जिंकल्यास गोळ्या मिळत. मुलाने आपल्या मर्जीने व आपल्या गतीने सुधारावे, हा त्यामागील हेतू होता.

मुलांचे न्यायालय

दोम सिएरोतमधील सर्वांत महत्त्वाची रचना म्हणजे मुलांचे न्यायालय. कोणतेही मूल दुसऱ्या मुलाविरुद्ध किंवा मोठ्या माणसाविरुद्ध फलकावर तक्रार लिहू शके. ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही खटला नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. एक मोठी व्यक्ती चिटणीस म्हणून साक्षी लिहून घेई; तिला निकालात मत नसे.

न्यायालयाची संहिता कोर्चाक यांनी लिहिली होती. तिची मांडणी क्षमेपासून सुरू होई. कलम १ ते ९९ ही निर्दोष सोडण्याची किंवा माफ करण्याची होती. त्यानंतरची कलमे शंभराच्या टप्प्यांनी वाढत जात. मुलाने चूक केली असे नोंदवणे, नाव वृत्तपत्रात छापणे, घरच्यांना कळवणे अशा त्यांच्या पायऱ्या होत्या. मारहाण, उपाशी ठेवणे किंवा कोंडणे यांना संहितेत कोठेही स्थान नव्हते. संस्थेतून काढून टाकण्याचे कलम १००० हे अगदी शेवटचे होते. त्याच्या आधीच्या कलम ९०० नुसार, त्या मुलाची हमी घेणारे कोणी आहे का, हे पाहिले जाई. काढून टाकलेल्या मुलालाही तीन महिन्यांनंतर परत येण्यासाठी अर्ज करता येई. प्रत्यक्षात बहुसंख्य खटले क्षमेच्या कलमांखालीच निकाली निघत.

सहा महिन्यांच्या काळात कोर्चाक यांनी स्वतःवर पाच वेळा खटला भरून घेतला. एका मुलाच्या कानशिलात मारणे, एकाला झोपण्याच्या खोलीबाहेर काढणे, एकाला कोपऱ्यात उभे करणे, एका न्यायाधीशाचा अपमान करणे आणि एका मुलीवर चोरीचा संशय घेणे, असे हे अपराध होते. आपल्याला शिक्षक म्हणून घडवण्यात या खटल्यांचा मोठा वाटा आहे, असे त्यांनी पुढे नमूद केले. संचालकाचा अधिकार हा सुद्धा नियमांच्या चौकटीत असतो, हे मुलांना त्यातून प्रत्यक्ष दिसले.

न्यायालयाचा प्रारंभ सुरळीत नव्हता. काही मुलांनी त्याची थट्टा केली, काहींनी क्षुल्लक तक्रारींचा पाऊस पाडला, तर काहींनी न्यायाधीशांवर दबाव आणला. परिणामी काही काळ न्यायालय बंद ठेवावे लागले आणि सुधारणा करून ते पुन्हा सुरू झाले. कोर्चाक यांनी हे अपयश लपवले नाही. त्याची सविस्तर नोंद आपल्या ग्रंथात केली.

न्यायालयाबरोबरच मुलांची निवडून दिलेली संसद होती. नवीन मुलाबद्दल इतर मुले अधिक, उणे किंवा शून्य अशा चिठ्ठ्यांनी आपले मत देत. संस्थेच्या अंतर्गत वृत्तपत्रात आठवड्याच्या घडामोडी लिहिल्या जात आणि त्याचे सर्वांसमोर वाचन होई.

पहिले महायुद्ध आणि नाश दोम

१९१४ मध्ये कोर्चाक यांना रशियन सैन्यात डॉक्टर म्हणून पुन्हा जावे लागले. युद्धभूमीजवळील रुग्णालयात काम करत असतानाच त्यांनी 'मुलावर प्रेम कसे करावे' हा आपला प्रमुख ग्रंथ लिहिला. तो १९१९–२० या काळात प्रसिद्ध झाला. कीव्ह येथे त्यांची मारिना फाल्स्का यांच्याशी भेट झाली. त्या तेथे पोलिश मुलांचे वसतिगृह चालवत होत्या. युद्धानंतर १९१९ मध्ये फाल्स्का यांच्या पुढाकाराने वॉर्साजवळ प्रुश्कूव्ह येथे 'नाश दोम' (आपले घर) ही पोलिश मुलांची संस्था सुरू झाली. पुढे ती वॉर्सातील बिएलानी भागात हलवण्यात आली. या संस्थेतही कोर्चाक यांच्याच पद्धती वापरल्या जात.

पोलंड-सोव्हिएत युद्धात पोलिश सैन्यात सेवा करताना कोर्चाक यांना टायफसची लागण झाली. त्यांची शुश्रूषा करताना आईला तोच रोग झाला आणि १९२० मध्ये त्यांचा मृत्यू झाला. या घटनेने कोर्चाक दीर्घकाळ खचले होते.

लेखन, वृत्तपत्र आणि नभोवाणी

१९२० च्या दशकात कोर्चाक यांनी मुलांसाठी विपुल लेखन केले. 'राजा माचुश पहिला' ही त्यांची सर्वाधिक प्रसिद्ध बालकादंबरी होय. वडिलांच्या मृत्यूमुळे लहानपणीच गादीवर बसलेला एक मुलगा मुलांसाठी न्याय्य राज्य उभारू पाहतो आणि मोठ्यांच्या कारस्थानांमुळे व स्वतःच्या चुकांमुळे अपयशी ठरतो, अशी ही कथा आहे. मुलांच्या हाती सत्ता दिली की सर्व प्रश्न सुटतात, असा भाबडा निष्कर्ष या कादंबरीत नाही. 'पुन्हा लहान झालो तर' या पुस्तकात एक शिक्षक मूल होऊन शाळेत परततो आणि मुलांच्या रोजच्या अपमानांचा अनुभव घेतो.

१९२६ मध्ये त्यांनी एका ज्यू दैनिकाची साप्ताहिक पुरवणी म्हणून 'माली प्शेग्लोंद' (छोटे समालोचन) हे पत्र सुरू केले. त्यातील मजकूर देशभरातील मुले पाठवत असत. १९३० मध्ये त्याचे संपादन इगोर नेवेर्ली यांच्याकडे गेले. हे पत्र १ सप्टेंबर १९३९ पर्यंत, म्हणजे युद्धाच्या पहिल्या दिवसापर्यंत निघत होते.

१९३० च्या दशकात 'म्हातारे डॉक्टर' या नावाने त्यांची नभोवाणीवरील भाषणे अतिशय लोकप्रिय झाली. श्रोत्यांना वक्त्याचे खरे नाव सांगितले जात नसे. देशात ज्यूविरोधी वातावरण तापू लागल्यावर १९३६ मध्ये हा कार्यक्रम बंद झाला. काही काळाने तो पुन्हा सुरू करण्यात आला. याच सुमारास नाश दोममधील त्यांचे कामही संपुष्टात आले. १९३४ व १९३६ मध्ये ते पॅलेस्टाइनला जाऊन आले. परंतु मुलांना सोडून तेथे स्थायिक होणे त्यांना जमले नाही.

या काळात ते बालन्यायालयात तज्ज्ञ म्हणून काम करत आणि भावी शिक्षकांना व्याख्यानेही देत. एका व्याख्यानासाठी त्यांनी विद्यार्थ्यांना क्ष-किरण कक्षात बोलावले. एका लहान मुलाला यंत्रासमोर उभे करून भीतीने धडधडणारे त्याचे हृदय पडद्यावर दाखवले. मुलावर हात उगारावासा वाटेल तेव्हा हे हृदय आठवावे, एवढाच त्या व्याख्यानाचा आशय होता.

बालहक्कविषयक विचार

मूल हे भावी माणूस नसून आजच माणूस आहे, हे कोर्चाक यांच्या विचारांचे मूळ सूत्र आहे. त्यामुळे भविष्याच्या नावाखाली मुलाचा आजचा दिवस हिरावून घेणे त्यांना अमान्य होते. 'मुलावर प्रेम कसे करावे' या ग्रंथात त्यांनी तीन मूलभूत हक्क मांडले : मृत्यूचा हक्क, आजच्या दिवसाचा हक्क आणि मूल जसे आहे तसे असण्याचा हक्क. यांपैकी पहिला हक्क प्रथमदर्शनी धक्कादायक वाटतो. मुलाला काही होईल या धास्तीने त्याला जगूच न देणाऱ्या अतिकाळजीला त्यांचा विरोध होता, असा त्याचा अर्थ लावला जातो.

१९२९ मधील 'मुलाचा आदराचा हक्क' या छोट्या पुस्तकात त्यांनी मोठ्यांच्या वर्तनाची कठोर चिकित्सा केली. मूल शरीराने लहान, दुबळे आणि आर्थिकदृष्ट्या परावलंबी असते. म्हणून त्याचा वेळ, त्याचे अश्रू आणि त्याच्या वस्तू कमी मोलाच्या मानल्या जातात, असे त्यांनी दाखवून दिले. मुलाला अज्ञान असण्याचा, चुकण्याचा, गुपित राखण्याचा आणि आपल्याविषयीच्या निर्णयांत बोलण्याचा हक्क आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

एग्लंटाइन जेब यांनी तयार केलेला बालहक्कांचा जाहीरनामा १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने जिनिव्हा येथे स्वीकारला. कोर्चाक यांना तो अपुरा वाटला. जाहीरनाम्यात मोठ्यांची कर्तव्ये सांगितली आहेत, मुलांचे हक्क नव्हे. आणि त्याचा सूर मागणीचा नसून विनंतीचा आहे, असा त्यांचा आक्षेप होता. दयेवर मिळणारी गोष्ट दया आटली की थांबते. हक्काने मिळणारी गोष्ट मागता येते. अनाथालयातील न्यायालय हे या भेदाचेच व्यावहारिक रूप होते.

वॉर्सा घेट्टो

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. कोर्चाक यांनी आपला जुना लष्करी गणवेश पुन्हा चढवला. ज्यूंना सक्तीने बांधावी लागणारी ताऱ्याची पट्टी बांधण्यास त्यांनी नकार दिला. पॅलेस्टाइनमध्ये काही काळ राहिलेल्या विल्चिन्स्का युद्धापूर्वीच परतल्या होत्या.

नोव्हेंबर १९४० मध्ये अनाथालयाला क्रोखमाल्ना रस्त्यावरील इमारत सोडून घेट्टोच्या भिंतीआड जावे लागले. स्थलांतराच्या वेळी मुलांसाठी आणलेली बटाट्यांची गाडी पहारेकऱ्यांनी जप्त केली. ती परत मागण्यासाठी कोर्चाक जर्मन अधिकाऱ्यांकडे गेले असता त्यांना अटक झाली. पाव्याक तुरुंगात सुमारे महिनाभर काढल्यावर जामिनावर त्यांची सुटका झाली. तोवर त्यांची प्रकृती ढासळली होती.

घेट्टोत ४ लाखांहून अधिक लोक कोंडलेले होते. उपासमार व टायफस यांनी रोज माणसे मरत होती. अनाथालयातील मुलांची संख्या वाढून सुमारे २०० झाली. कोर्चाक रोज पोते घेऊन बाहेर पडत आणि दारोदार धान्य, बटाटे व पैसे मागत. अशा परिस्थितीतही न्यायालय, वृत्तपत्र, अभ्यास आणि कामांची वाटणी चालू ठेवण्यात आली. १९४२ च्या प्रारंभी त्यांनी ज्येल्ना रस्त्यावरील एका मोठ्या आश्रयस्थानात काम मिळावे म्हणून अर्ज केला. तेथे सुमारे १००० मुले अत्यंत वाईट अवस्थेत मरत होती. आपली मुले तेवढी वाचवावीत आणि इतरांकडे पाठ फिरवावी, हे त्यांना पटत नव्हते.

१८ जुलै १९४२ रोजी मुलांनी रवींद्रनाथ टागोरांच्या 'डाकघर' या नाटकाचा प्रयोग केला. दत्तक घेतलेला आजारी अमल वैद्याच्या आज्ञेमुळे घरात कोंडलेला असतो आणि खिडकीतून जग पाहत राजाच्या पत्राची वाट पाहतो, असे त्याचे कथानक आहे. भिंतीआड कोंडलेल्या मुलांना मृत्यूला शांतपणे सामोरे जाता यावे, म्हणून कोर्चाक यांनी हे नाटक निवडले, असे मानले जाते.

मृत्यू

२२ जुलै १९४२ रोजी वॉर्सा घेट्टोतून ट्रेब्लिंकाकडे सामुदायिक पाठवणी सुरू झाली. हा कोर्चाक यांचा जन्मदिवस होता. दुसऱ्याच दिवशी ज्यू मंडळाचे अध्यक्ष आदाम चेर्न्याकुव्ह यांनी आत्महत्या केली. कोर्चाक मे महिन्यापासून रात्री रोजनिशी लिहीत होते. ४ ऑगस्टच्या अखेरच्या नोंदीत, खिडकीतील रोपांना पाणी घालताना समोर उभ्या असलेल्या जर्मन पहारेकऱ्याविषयी, तो गावी शिक्षक असेल का, अशा प्रकारचे विचार त्यांनी मांडले आहेत.

५ ऑगस्ट रोजी (काही नोंदींनुसार ६ ऑगस्ट) सैनिकांनी अनाथालयाला वेढा घातला. सुमारे २०० मुले, कोर्चाक, विल्चिन्स्का आणि इतर कर्मचारी रांगेने घेट्टोच्या रस्त्यांवरून रेल्वेच्या फलाटाकडे चालत गेले. घेट्टोबाहेर लपण्याची व्यवस्था मित्रांनी कोर्चाक यांच्यासाठी आधीच करून पाहिली होती. ती त्यांनी नाकारली होती. त्या दिवसाविषयी अनेक आख्यायिका रूढ आहेत. मुले गाणे गात होती, हाती ध्वज होता, अखेरच्या क्षणी एका अधिकाऱ्याने सुटका देऊ केली, असे तपशील वेगवेगळ्या साक्षींत वेगवेगळे आढळतात. मुले शिस्तीने चालत होती आणि कोर्चाक त्यांच्यासोबत होते, यावर मात्र साक्षीदारांचे एकमत आहे. ट्रेब्लिंकात पोहोचल्यावर सर्वांची हत्या करण्यात आली.

त्यांची रोजनिशी घेट्टोबाहेर पोहोचवण्यात आली आणि बिएलानी येथील नाश दोमच्या इमारतीत भिंतीत चिणून ठेवण्यात आली. युद्धानंतर ती बाहेर काढून १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली.

मूल्यमापन

कोर्चाक यांच्या मृत्यूचा प्रसंग इतका प्रभावी आहे की त्यापुढे त्यांचे तीस वर्षांचे कार्य झाकोळून जाते, अशी खंत अभ्यासक व्यक्त करतात. हौतात्म्याची कथा सांगणे सोपे असते. मुलांपुढे आरोपी म्हणून उभे राहणारा संचालक अनुकरणासाठी अधिक अवघड असतो.

त्यांच्या पद्धतींवर टीकाही झाली. सहकाऱ्यांच्या मतदानामुळे नावडत्या मुलाला एकाकीपणा सोसावा लागतो, असा एक आक्षेप होता. १४ व्या वर्षी संस्था सोडणारी मुले न्याय्य जगाची सवय लागल्यामुळे बाहेरच्या कठोर जगात गोंधळतात, असाही आरोप झाला. हा दुसरा प्रश्न कोर्चाक यांनाही छळत असे. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न आजही जगातील सर्व बालगृहांपुढे उभा आहे.

वारसा

१९७२ मध्ये जर्मन ग्रंथव्यवसायाचा शांतता पुरस्कार कोर्चाक यांना मरणोत्तर देण्यात आला. १९९० मध्ये पोलिश दिग्दर्शक आंद्रेई वायदा यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला. ट्रेब्लिंका येथील स्मारकात हजारो शिळा आहेत. त्या उद्ध्वस्त झालेल्या वस्त्यांच्या स्मरणार्थ आहेत. व्यक्तीचे नाव कोरलेली शिळा एकच असून तिच्यावर कोर्चाक आणि मुले यांचा उल्लेख आहे.

बालहक्कांसाठी आंतरराष्ट्रीय करार व्हावा, हा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांपुढे १९७८ मध्ये पोलंडनेच मांडला. त्यातून साकारलेली बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारली गेली. तिच्या कलम १२ मध्ये मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा, कलम १९ मध्ये घरातील व बाहेरील हिंसेपासून संरक्षणाचा, कलम २० मध्ये कुटुंबापासून दुरावलेल्या मुलाच्या पर्यायी संगोपनाचा आणि कलम २१ मध्ये दत्तकविधानाचा विचार केला आहे. संस्थेत ठेवलेल्या मुलाच्या स्थितीचा ठरावीक काळाने आढावा घेण्याची तरतूद कलम २५ मध्ये आहे. कोर्चाक यांनी जिनिव्हा जाहीरनाम्यात जे उणे दाखवले होते, ते हक्कांच्या भाषेत प्रथमच येथे बंधनकारक झाले.

भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केली. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार बालसंगोपन संस्थेत मुलाला शारीरिक शिक्षा देणे हा गुन्हा आहे. त्याखालील नियमांत प्रत्येक संस्थेत मुलांच्या समित्या आणि सूचनापेटी असावी, अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्रातील बालगृहांनाही हे लागू होते. क्रोखमाल्ना रस्त्यावरील घरात १०० वर्षांपूर्वी असलेली पत्रपेटी आणि मुलांची सभा यांच्याशी या तरतुदींचे साम्य सहज लक्षात येते. पेटीत पडलेली चिठ्ठी संस्थाचालकाविरुद्ध असली तरी ती वाचली जाते का आणि तिच्यावर निर्णय होतो का, यावर त्या तरतुदींचे मोल ठरते.